व्हॉल्व्हचा फोनो प्रीॲम्प: नवा बांधताना, जुना उघडताना

तबकडीवरची सुई धरणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजमधून बाहेर पडणारा सिग्नल असतो ३ ते ५ मिलिव्होल्ट. तो ज्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात काचेच्या नळीच्या, ग्रिडवर (सिग्नल आत घेणाऱ्या जाळीवर) पोचतो, त्याच व्हॉल्व्हच्या प्लेटवर (वाढलेला सिग्नल देणाऱ्या टोकावर) पावणेदोनशे व्होल्ट असतात, ग्रिडला जवळजवळ खेटून हीटर तापत असतो आणि वीतभर अंतरावर मेन्सचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरत असतो. एवढ्या गलक्यात ती कुजबुज शाबूत ठेवायची, हेच फोनो प्रीॲम्प, म्हणजे तबकडीचा सिग्नल ॲम्प्लिफायरला पुरेल इतका वाढवणारा डबा, बांधणाऱ्याचं काम. कपॅसिटर कुठला, तार चांदीची की तांब्याची, व्हॉल्व्ह कुठल्या सालातला, हे सगळं नंतरचं आणि बरंचसं हौसेचं.

ठेच लागल्यावर सुचलेलं शहाणपण आहे हे. पहिला प्रीॲम्प बांधला तेव्हा मी पैसे घातले तेलात बुडवलेल्या कपॅसिटरांवर, आणि ट्रान्सफॉर्मर बसवला पहिल्या व्हॉल्व्हपासून चार बोटांवर, कारण चॅसीत तेवढीच जागा उरली होती. सुई तबकडीवर टेकायच्या आधीच घोंघों सुरू. तीन आठवडे मी अर्थच्या (अर्थिंगच्या) तारा इकडून तिकडे हलवत बसलो. शेवटी ट्रान्सफॉर्मर उचलून, तारा लांबवून, वेगळ्या डब्यात घातला आणि आवाज गेला.

सोल्डरिंग जमतं, मल्टीमीटर वाचता येतो आणि सर्किटचं चित्र पाहून बिचकायला होत नाही, एवढं इथे गृहीत धरलं आहे. तीनशे व्होल्टचं काही आजवर हाताळलं नसेल, तर पहिल्या वेळी जाणता माणूस शेजारी बसवा. खाली जे सर्किट देतोय त्यात एकूण ३४० मायक्रोफॅरडच्या आसपास कपॅसिटर आहेत. २९० व्होल्टला त्यांच्यात १४ ज्यूलहून जास्त ऊर्जा साठते, आणि व्हॉल्व्ह सॉकेटमधून काढलेले असतील तर स्विच बंद केल्यावरही ती काही मिनिटं तशीच बसून राहते. म्हणून १० किलोओहम, ५ वॉटचा एक रेझिस्टर दोन इन्सुलेटेड क्लिपांच्या मध्ये जोडून कायम टेबलावर ठेवा. आधी प्लग काढा, मग हा रेझिस्टर पंधरा-वीस सेकंद लावा, मग मीटरने शून्य पाहा, आणि त्यानंतरच आत हात घाला. चालू सेटवर मोजमाप करताना मीटरचं काळं टोक क्लिपने चॅसीला अडकवा, लाल टोक एका हातात धरा, दुसरा हात खिशात.

आरआयएएचा हिशेब

तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबतात आणि वरचे उचलतात. खालचे स्वर आहेत तसे कापले तर खाच इतकी रुंद झोके घेते की शेजारच्या खाचेत घुसेल. वरचे तसेच ठेवले तर पृष्ठभागाच्या खरखरीत हरवतील. १९५४ पासून अमेरिकेत यासाठी आरआयएए या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची वक्ररेषा (कुठला स्वर किती दाबायचा-उचलायचा तो आलेख) प्रमाण मानली गेली आणि पुढे जगभर तीच रुळली. प्रीॲम्पने बरोबर उलटं करायचं: खालचं उचलायचं, वरचं दाबायचं. तीन कालस्थिरांक लक्षात ठेवा: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. वारंवारतेत सांगायचं तर ५० हर्ट्झ, ५०० हर्ट्झ आणि २१२२ हर्ट्झ.

१ किलोहर्ट्झला शून्य धरलं तर २० हर्ट्झला १९.३ डेसिबल जास्त हवेत आणि २० किलोहर्ट्झला १९.६ डेसिबल कमी. यातला खरा काटा ५० हर्ट्झला आहे. तिथे वक्ररेषा १७ डेसिबल, म्हणजे सातपट, उचलते. तुमच्याकडची मेन्स ५० हर्ट्झची असेल तर गुणगुण नेमकी तिथेच येते. ६० हर्ट्झची असली तरी फार सुटका नाही. साध्या लाइन प्रीॲम्पमध्ये ऐकूही न येणारी चूक फोनोमध्ये खोली भरून टाकते, ती यामुळे.

कुठलं सर्किट

दोन घराणी आहेत. एकात आरआयएएची वक्ररेषा फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग मागे नेणाऱ्या, वाटेत घालतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या मरांट्झ मॉडेल ७ मध्ये असं तीन टप्प्यांचं सर्किट आहे. दुसऱ्यात दोन व्हॉल्व्हच्या मध्ये रेझिस्टर-कपॅसिटरचं जाळं असतं आणि फीडबॅक नसतो. ऐकायला कुठलं चांगलं यावर लोक हमरीतुमरीवर येतात. पहिल्यांदा बांधणाऱ्याने मात्र दुसरं घ्यावं असं माझं ठाम मत आहे, कारण त्यात प्रत्येक आकडा कुठून आला हे दिसतं आणि चुकलं तर चूक एकाच जागी सापडते. फीडबॅकच्या सर्किटात एक भाग बिघडला की सगळेच व्होल्टेज आणि सगळीच वक्ररेषा हलते.

इथे तीन व्हॉल्व्ह लागतील: दोन ईसीसी८३ आणि एक ईसीसी८२. अमेरिकी नावांनी शोधत असाल तर १२एएक्स७ आणि १२एयू७. प्रत्येक काचेत दोन ट्रायोड, म्हणजे कॅथोड, ग्रिड आणि प्लेट असलेले स्वतंत्र वर्धक, असतात. पहिल्या ईसीसी८३ मधला एक डाव्या चॅनेलचा पहिला टप्पा, दुसरा उजव्याचा. दुसरी ईसीसी८३ तशीच दुसऱ्या टप्प्याला, आणि ईसीसी८२ शेवटी कॅथोड फॉलोअर म्हणून, म्हणजे सिग्नल न वाढवता पुढच्या केबलला जोर देणारा टप्पा. एकेका चॅनेलला वेगळी ईसीसी८३ देता येते, पण मग दोन शांत व्हॉल्व्ह शोधावे लागतात. माझ्या मांडणीत एकच पुरतो.

ईसीसी८८ चं सॉकेटही नऊ पिनांचंच असतं म्हणून तो इथे खोचायचा मोह होईल. तसं करू नका. त्याच्या हीटरची जोडणी वेगळी आहे आणि प्लेटची मर्यादा अवघी १३० व्होल्ट.

पहिला टप्पा: प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम आणि त्याला समांतर २२० मायक्रोफॅरड. ग्रिडला ४७ किलोओहम जमिनीकडे (सर्किटच्या शून्य व्होल्टकडे), हाच कार्ट्रिजचा लोड. ग्रिडच्या पिनला अगदी चिकटून २२० ओहमचा स्टॉपर (नको ती कंपनं रोखणारा रेझिस्टर). प्लेटचे रेझिस्टर मेटल फिल्मचेच घ्या. जुन्या कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरमधून डीसी वाहिला की तो स्वतःच सळसळतो, आणि पहिल्या टप्प्यातली सळसळ पुढच्या टप्प्यात वाढून बाहेर पडते.

इनपुटला वेगळा कपॅसिटर लावू नका. ईसीसी८३ च्या ग्रिड आणि प्लेटमधली धारिता १.६ पिकोफॅरडच आहे, पण टप्प्याचा गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) साठच्या जवळ असल्याने ग्रिडकडून ती शंभरेक पिकोफॅरड दिसते. याला मिलर परिणाम म्हणतात. टोनआर्मच्या केबलचे आणखी १०० ते १५० धरा. बहुतेक मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजना हवे असतात एकूण १५० ते २५० पिकोफॅरड, म्हणजे कोटा तिथेच संपला. व्हॉल्व्हचा फोनो वरच्या स्वरांत ‘मऊ’ वाटतो असं म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांची तक्रार खरं तर या न मोजलेल्या पिकोफॅरडांची असते.

आता जाळं. प्लेटकडून ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टच्या कपॅसिटरने डीसी अडवायचा आणि पुढे एक मालिका-रेझिस्टर. त्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या ग्रिडपाशी, दोन वाटा जमिनीकडे: एक नुसत्या लहान कपॅसिटरची, दुसरी एका रेझिस्टरची आणि त्याच्याशी मालिकेत असलेल्या मोठ्या कपॅसिटरची. नियम असे: मालिका-रेझिस्टर गुणिले मोठा कपॅसिटर २१८७ मायक्रोसेकंद, मालिका-रेझिस्टर गुणिले लहान कपॅसिटर ७५० मायक्रोसेकंद, आणि दुसरा रेझिस्टर गुणिले मोठा कपॅसिटर ३१८ मायक्रोसेकंद.

मोठा कपॅसिटर १० नॅनोफॅरड घेतला तर मालिका-रेझिस्टर हवा २१८.७ किलोओहम, दुसरा रेझिस्टर ३१.८ किलोओहम आणि लहान कपॅसिटर ३.४३ नॅनोफॅरड. हे आकडे जसेच्या तसे लावले की वक्ररेषा चुकते, आणि नवखे इथेच फसतात. २१८.७ म्हणजे जाळ्याला दिसणारा एकूण रोध आहे. त्यात पहिल्या व्हॉल्व्हचा स्वतःचा सुमारे ४० किलोओहमचा आउटपुट रोध मिसळतो, आणि पुढच्या ग्रिडपासून जमिनीकडे लावायचा १ मेगओहम त्याला समांतर पडतो. उलटा हिशेब केला तर एकूण मालिका-रोध २८० किलोओहम हवा. त्यातून ४० वजा, राहिले २४०. सुदैवाने २४० किलोओहम बाजारात सरळ मिळतो. ३१.८ साठी ३० आणि १.८ किलोओहम मालिकेत लावा.

लहान कपॅसिटरचंही तेच. दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडला मी समांतर कपॅसिटर लावत नाही, नुसता १.५ किलोओहम. त्याने गेन तिसाच्या आसपास येतो आणि मिलर धारिता तारांसकट ७० पिकोफॅरडच्या जवळ राहते. ३.४३ नॅनोफॅरडमधून ७० पिकोफॅरड वजा करा: ३.३ नॅनोफॅरड आणि त्याला समांतर ५६ पिकोफॅरड सिल्व्हर मायका. काटा बरोबर बसतो.

हे कपॅसिटर एक टक्क्याचे घ्या. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन किंवा सिल्व्हर मायका. एक टक्क्याचे मिळत नसतील तर साधे दहा-बारा घेऊन मीटरवर मोजा आणि जवळच्या किमतीच्या जोड्या लावा. डावं-उजवं एकमेकांशी जुळणं हे अचूक आकड्यापेक्षा कानाला लवकर कळतं, कारण जुळलं नाही की गायक मधून सरकतो. पॉलिस्टायरीन सोल्डरच्या उष्णतेने वितळतो, म्हणून त्याची तार चिमट्याने धरून डाख द्या.

दुसऱ्या टप्प्याची प्लेट, १०० किलोओहमचीच, थेट ईसीसी८२ च्या ग्रिडला जोडा. मध्ये १ किलोओहमचा स्टॉपर असू द्या. कॅथोडला ४७ किलोओहम, २ वॉट. कॅथोडकडून २.२ मायक्रोफॅरडने आउटपुट घ्या आणि सॉकेटवर १ मेगओहम जमिनीकडे. चालू करताना ईसीसी८२ थंड असताना ग्रिडवर सगळं व्होल्टेज चढतं आणि कॅथोड शून्यावर असतो. त्यात ठिणगी पडून व्हॉल्व्ह मरू शकतो. १एन४००७ डायोडचा ॲनोड ग्रिडकडे आणि कॅथोड कॅथोडकडे असा जोडला की प्रश्न मिटतो. एरवी तो उलटा बसलेला असतो आणि ध्वनीत ढवळाढवळ करत नाही.

सगळ्याचा मिळून गेन १ किलोहर्ट्झला सुमारे ४२ डेसिबल येतो, म्हणजे सव्वाशेपट. ४ मिलिव्होल्टचे अर्धा व्होल्ट. कुठल्याही ॲम्प्लिफायरला पुरे.

वीजपुरवठा

माझ्या मते बांधणीतला निम्मा वेळ इथे जायला हवा.

२५० व्होल्टचं सेकंडरी, चार यूएफ४००७ डायोडांचा ब्रिज, ४७ मायक्रोफॅरड. त्यापुढे २.२ किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरडच्या दोन पायऱ्या. रेझिस्टर २ वॉटचे आणि कपॅसिटर सगळे ४५० व्होल्टचे, कारण व्हॉल्व्ह तापेपर्यंत लोड नसतो आणि व्होल्टेज साडेतीनशेच्या पुढे जातं. दुसऱ्या १०० मायक्रोफॅरडवर लोडसकट २९० च्या आसपास मिळेल; ते ईसीसी८२ ला. तिथून १० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरडची एक फांदी दुसऱ्या टप्प्याला आणि तशीच स्वतंत्र फांदी पहिल्याला. दोन्ही टप्पे एकाच कपॅसिटरवर टांगले तर वीजपुरवठ्याच्या वाटेने पुढचा सिग्नल मागे शिरतो आणि स्पीकरचा पडदा सावकाश आत-बाहेर झोके घेऊ लागतो.

एकूण प्रवाह १२ मिलिअँपिअरच्या आसपास. ५० हर्ट्झच्या मेन्सवर पहिल्या कपॅसिटरवर अडीच व्होल्टचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) असतो. १०० हर्ट्झला २.२ किलोओहम-१०० मायक्रोफॅरडची पायरी त्याला १३८ ने भागते. दोन पायऱ्यांनंतर दीडशे मायक्रोव्होल्टच्या आत, आणि शेवटच्या फांदीनंतर अर्धा मायक्रोव्होल्ट. त्यासाठी रेग्युलेटरची गरज नाही.

हीटर मात्र डीसीवरच चालवा. तिन्ही व्हॉल्व्हचे हीटर १२.६ व्होल्टला, प्रत्येकी १५० मिलिअँपिअर, पिन ४ आणि ५ च्या मध्ये, ९ मोकळी. १५ व्होल्टचं सेकंडरी, ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरड, मग एलएम३१७ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर. त्याच्या आउटपुट आणि ॲडजस्ट पायांमध्ये १२० ओहम, ॲडजस्टकडून ऋण तारेकडे १ किलोओहम अधिक ८२ ओहम. तीनेक वॉट उष्णता निघते, म्हणून हीटसिंक लागेल. एलएम३१७ ची पाठ आउटपुटला जोडलेली असते, तेव्हा मायका आणि प्लास्टिकचा वॉशर विसरू नका.

हा हीटरचा पुरवठा थेट जमिनीला बांधू नका. फॉलोअरचा कॅथोड १७५ व्होल्टच्या वर बसतो आणि हीटर-कॅथोडमधली मर्यादा १८० आहे, फारच काठावर. २९० व्होल्टपासून २२० आणि ६८ किलोओहमची विभागणी करून, खालच्या रेझिस्टरला २२ मायक्रोफॅरड समांतर देऊन, हीटरची ऋण तार त्या मधल्या बिंदूला जोडा. हीटर ६८ व्होल्टवर तरंगतो. फॉलोअर सुरक्षित होतो, आणि पहिल्या व्हॉल्व्हमध्ये हीटरकडून कॅथोडकडे झिरपणारी गुणगुणही बंद होते, कारण आता हीटर कॅथोडपेक्षा धन आहे. हीच विभागणी साठलेला चार्ज सोडायचं कामही करते, पण सावकाश. क्लिपवाल्या रेझिस्टरची सुट्टी नाही.

मांडणी आणि अर्थ

ट्रान्सफॉर्मर आणि डायोड वेगळ्या डब्यात, हातभर केबलने जोडलेले. एकाच डब्यात सगळं बसवायचंच असेल तर निदान इनपुट एका टोकाला आणि ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या टोकाला. सिग्नल एका दिशेने चालू द्या, इनपुटकडून आउटपुटकडे, परत फिरू नये.

अर्थसाठी एक जाड उघडी तांब्याची तार चॅसीच्या लांबीने ओढा. वीजपुरवठ्याचे कपॅसिटर एका टोकाला, मग फॉलोअर, मग दुसरा टप्पा, मग पहिला, आणि शेवटी इनपुटची सॉकेटं. प्रत्येक टप्प्याची जमीन या क्रमाने तारेवर उतरवा. चॅसीला ही तार एकाच जागी जोडायची, इनपुटच्या सॉकेटांपाशी. म्हणून सगळी आरसीए सॉकेटं चॅसीपासून इन्सुलेटेड हवीत. मेन्सची अर्थ वेगळी, थेट चॅसीच्या पत्र्याला, खरवडून, दातेरी वॉशरसह, पक्की. ती कधीही काढायची नाही. गुणगुण थांबते म्हणून अर्थची पिन कापणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या घरी मी प्रीॲम्पला हात लावत नाही. टर्नटेबलच्या अर्थच्या बारीक तारेसाठी इनपुटपाशी एक स्क्रू ठेवा.

इनपुटपासून पहिल्या ग्रिडपर्यंतची तार बोटभर असेल तर शील्ड नको, लांब असेल तर शील्डेड घ्या आणि शील्ड एकाच टोकाला जोडा. पहिला व्हॉल्व्ह रबराच्या वॉशरांवर बसवलेल्या सॉकेटमध्ये असावा, वर शील्डचं टोपण.

पहिल्यांदा चालू करताना

व्हॉल्व्ह न लावता सुरुवात. मेन्सच्या वाटेत ४० किंवा ६० वॉटचा तारेचा बल्ब मालिकेत घाला. एलईडीचा चालत नाही. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बंद करा, शोधा. हीटरचे व्होल्टेज रिकाम्या सॉकेटवर १२.६ च्या आसपास दिसले की चार्ज सोडा, व्हॉल्व्ह लावा, बल्ब काढा, पुन्हा चालू करा. मिनिटभराने मोजा: ईसीसी८३ च्या प्लेटवर १६० ते १८५ व्होल्ट, कॅथोडवर १.२ ते १.५, फॉलोअरचा कॅथोड दुसऱ्या टप्प्याच्या प्लेटपेक्षा दोन-चार व्होल्ट वर. ईसीसी८३ च्या ग्रिडवर शून्य. आउटपुटच्या सॉकेटवर डीसी शून्याकडे उतरत असलेला. हे जुळल्याशिवाय ॲम्प्लिफायर जोडायचा नाही, आणि जोडतानाही पहिल्या मिनिटाला व्हॉल्यूम शून्यावर.

वक्ररेषा तपासायला कॉम्प्युटरचं साउंड कार्ड पुरतं. १० किलोओहम आणि १० ओहमची विभागणी करून १ व्होल्टचा १ मिलिव्होल्ट करा, तो इनपुटला द्या आणि आउटपुट मोजा. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत १०० हर्ट्झला अधिक १३.१ डेसिबल, ५०० ला अधिक २.६, २ किलोहर्ट्झला उणे २.६, १० किलोहर्ट्झला उणे १३.७. अर्ध्या डेसिबलच्या आत आलं तर बरं, दोन चॅनेल एकमेकांपासून ०.२ च्या आत असले तर उत्तम. फक्त वरचे स्वर चुकत असतील तर ५६ पिकोफॅरडवाला बदलून पाहा. खालचे चुकत असतील तर २४० किलोओहमकडे बघा.

जुना सेट हाती आला तर

पन्नास-साठ वर्षं कपाटात पडलेला प्रीॲम्प ‘चालतो का पाहू’ म्हणून थेट प्लगला लावणं ही जुन्या सेटची सर्वांत मोठी हत्या. आधी फोटो काढा, वरून, खालून, प्रत्येक कोपऱ्याचे. मूळ सर्किटचं चित्र मिळवा. मग मेन्सची केबल बदला: जुनी दोन तारांची असेल तर तीन तारांची, फ्यूजसह. मेन्सच्या तारेतून चॅसीकडे गेलेला छोटा कपॅसिटर दिसला तर काढून टाका. तो शॉर्ट झाला की अख्खा पत्रा जिवंत होतो. व्होल्टेज निवडायचा खटका तुमच्या मेन्सला जुळतो का तेही बघा.

वीजपुरवठ्याचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेलेच असतात असं समजा. ते हळूहळू व्होल्टेज चढवून जागे करता येतात, पण फोनोमध्ये मी त्या भरवशावर राहत नाही. मूळ डबा शोभेला वर ठेवा, त्याची जोडणी पूर्ण तोडा आणि नवे कपॅसिटर खाली बसवा. मायक्रोफॅरडची किंमत थोडी वाढवली तर हरकत नाही. मात्र रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर पहिल्या कपॅसिटरची किंमत त्याच्या मर्यादेपलीकडे नेऊ नका.

हीटरसाठी सेलेनियम रेक्टिफायर असेल, म्हणजे पत्र्याच्या चौकोनी पाकळ्यांची ती माळ, तर बदला. तो जळाला की घाणेरडा आणि विषारी धूर सोडतो. सिलिकॉन डायोडवर व्होल्टेज कमी पडतं, म्हणून बदलल्यावर हीटरचं व्होल्टेज वाढतं. मालिकेत रेझिस्टर घालून ते मूळ आकड्यावर आणा.

कागदी आणि मेणाचे कपलिंग कपॅसिटर गळतात. परीक्षा सोपी: त्यापुढच्या ग्रिडवर धन व्होल्टेज दिसलं, अगदी अर्धा व्होल्ट जरी, तर तो गळतोय. फिल्मचे आणि सिल्व्हर मायकाचे सहसा ठणठणीत असतात. त्यांना ‘सुधारणा’ म्हणून काढणाऱ्यांनी मूळ जुळवलेल्या किमती घालवून ठेवलेले सेट नंतर दुरुस्त करायला फार त्रास होतो. कार्बनचे रेझिस्टर वयाबरोबर वर सरकतात. एक पाय सोडवून मोजा, आणि प्लेटचे व आरआयएएच्या जाळ्यातले दहा टक्क्यांहून जास्त हलले असतील तर बदला. बाकीचे राहू देत.

सॉकेटच्या पिना, स्विच आणि पोटेन्शियोमीटर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. ही दोन तासांची कंटाळवाणी सफाई अनेकदा नव्या व्हॉल्व्हपेक्षा जास्त फरक पाडते. जुन्या सेटवर आरआयएएखेरीज दुसऱ्या वक्ररेषांचा खटका असेल तर तो अजिबात काढू नका. १९५४ च्या आधीच्या एलपी आणि ७८ फेऱ्यांच्या तबकड्या त्याच्यासाठीच आहेत.

आवाजावरून दोष

इनपुट शॉर्ट करणारे दोन आरसीए प्लग बनवून ठेवा. ते लावल्यावर गुणगुण गेली तर दोष टर्नटेबल, केबल किंवा अर्थमध्ये. राहिली तर प्रीॲम्पमध्ये. मग स्वर ऐका. मेन्सच्याच वारंवारतेचा खोल, गोल आवाज म्हणजे चुंबकीय शिरकाव किंवा अर्थचं वेटोळं. दुप्पट वारंवारतेची कर्कश गुरगुर म्हणजे वीजपुरवठ्याचा रिपल. पहिल्या व्हॉल्व्हला पेन्सिलीने हलकं टिचकवा. थोडा ‘टिंग’ सगळेच देतात, पण घंटेसारखा घुमत राहिला तर तो दुसऱ्या टप्प्याला द्या आणि तिथला इथे आणा. तडतड बहुधा प्लेटच्या रेझिस्टरची किंवा सैल डाखाची असते.

जुन्या नावाजलेल्या व्हॉल्व्हमागे धावण्याआधी हे एवढं करा. खऱ्या टेलिफुंकनच्या काचेच्या तळाशी, पिनांच्या मध्ये, हिऱ्याच्या आकाराचा ठसा असतो. बाहेरची छापील अक्षरं मात्र कुणीही पुसून नवी छापतं. आज बनणाऱ्या व्हॉल्व्हमध्येही चार-पाच आणले तर एक शांत हमखास सापडतो.

मूव्हिंग कॉइल (चुंबकाऐवजी गुंडाळी हलणाऱ्या) कार्ट्रिजचे ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट या सर्किटला झेपणार नाहीत. आणखी एक टप्पा जोडण्यापेक्षा आधी १:१० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावा. त्यातून कार्ट्रिजला ४७ किलोओहमऐवजी त्याच्या शंभराव्या भागाएवढा, ४७० ओहमचा लोड दिसतो. १:२० घेतला तर ११८ च्या आसपास. कार्ट्रिजच्या कागदावरचा आकडा पाहून निवडा.

झाकण लावण्याआधी प्रत्येक प्लेट, कॅथोड आणि कपॅसिटरवरचं मोजलेलं व्होल्टेज, तारखेसह, एका कागदावर लिहून आतून चिकटवा. एका जुन्या सेटच्या तळाच्या पत्र्यावर मला असे पेन्सिलने लिहिलेले आकडे सापडले होते, कुणा अनोळखी कारागिराच्या हातचे. ते नसते तर एक रेझिस्टर दुपटीने सरकलाय हे कळायला मला आठवडा गेला असता.